मॉस्क्वा नदीकाठचे गीत

युक्रेनच्या दक्षिण भागात, बग नदी काळ्या समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे, मिकोलायिव नावाचे एक जुने शहर आहे. जहाजबांधणीच्या धंद्यावर ते वाढले. सोव्हिएत राजवटीत त्याला निकोलायेव या रशियन नावाने ओळखत. १९८५ सालच्या जानेवारी महिन्यात तेथील कोम्सोमोलच्या, म्हणजे साम्यवादी युवक संघटनेच्या, प्रादेशिक कचेरीतून एक परिपत्रक निघाले. तरुणांच्या नृत्यगृहांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ते होते. ज्यांच्या गाण्यांतून घातक विचारांचा प्रसार होतो अशा ३८ परदेशी गायकांची व वाद्यवृंदांची नावे त्यात अनुक्रमाने दिली होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा अपराध नोंदविला होता. टीना टर्नर या गायिकेपुढे कामुकता, स्पेनच्या हूलिओ इग्लेसियास या प्रेमगीते गाणाऱ्या गृहस्थापुढे नवफॅसिझम आणि इंग्लंडच्या पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदापुढे सोव्हिएत परराष्ट्रधोरणाचा विपर्यास, असे शेरे होते. याच यादीत पश्चिम जर्मनीतील ‘स्कॉर्पियन्स’ या वाद्यवृंदाचेही नाव होते. त्यापुढचा शेरा एका शब्दाचा होता : हिंसा.

या परिपत्रकाला सात वर्षेही झाली नव्हती, तोच १९९१ च्या डिसेंबरमध्ये याच वाद्यवृंदाचे सभासद क्रेमलिनमध्ये सोव्हिएत संघाचे अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव यांच्यासमोर सन्माननीय पाहुणे म्हणून बसले होते. त्यांना तेथवर नेले ते एका गीताने. त्या गीताचे नाव ‘विंड ऑफ चेंज’, म्हणजे परिवर्तनाचा वारा. कर्कश म्हणून गाजलेल्या मंडळींचे हे एक संथ गाणे. पण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात युरोपातील माणसांनी जी आशा मनाशी धरली होती, तिची खूण म्हणून ते ओळखले गेले. त्या आशेचे पुढे काय झाले हे सर्वविदित आहे. म्हणूनच या गीताची हकीकत नीट लावून पाहण्याजोगी आहे. फसलेली आशा ही खोटी आशा असते काय, हा प्रश्न तीत दडलेला आहे.

स्कॉर्पियन्सचे मूळ गाव हॅनोव्हर. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने या शहराचा मध्यभाग जवळजवळ भुईसपाट झाला होता. युद्धानंतर ते ब्रिटिशांच्या ताब्यातील विभागात आले. तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर हेल्मश्टेटचा नाका होता. त्या नाक्यापलीकडे दुसरी जर्मनी, दुसरे सैन्य आणि दुसरे जग सुरू होई. रुडॉल्फ शेंकर या तरुणाने १९६५ साली हा वाद्यवृंद उभा केला. पुढे त्याचा मुख्य गायक झालेला क्लाउस मायने याचा जन्म १९४८ चा. म्हणजे ही पिढी युद्धानंतर जन्मलेली. युद्ध तिने पाहिले नव्हते, परंतु युद्धाचा कलंक तिच्या वाट्याला आला होता. परदेशात जर्मन माणसाने तोंड उघडले की समोरच्याच्या मनात काय येते, हे या मुलांना ठाऊक होते. १९७२ साली निघालेल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेपासून त्यांनी गायनासाठी इंग्रजी भाषा स्वीकारली. व्यापाराचा विचार त्यात होताच, पण आपल्या घराबाहेर, मोकळ्या जगात उभे राहण्याची ओढही त्यात असली पाहिजे.

ज्या संगीतप्रकारात ही मंडळी वावरली त्याला ‘हेवी मेटल’ म्हणतात. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरांतून तो पुढे आला. विजेच्या बळावर गर्जना करणारी गिटार, घणासारखे पडणारे ढोल आणि त्या सर्वांच्या वर चढलेला गायकाचा आवाज, असे त्याचे स्वरूप. ज्यांना तो आवडत नाही त्यांना तो निव्वळ गोंगाट वाटतो. परंतु या गोंगाटवाल्यांनीच एक वेगळा गीतप्रकारही रूढ केला. त्याला ‘पॉवर बॅलड’ असे नाव पडले. ही चीज हळूच सुरू होते. प्रारंभी एखादे वाद्य आणि एकटा आवाज एवढेच असते. कडव्यामागून कडवे वाद्यांची भर पडत जाते आणि शेवटी सगळा वाद्यवृंद एकदम उसळून येतो. बडा ख्याल विलंबित लयीत सुरू होऊन द्रुतापर्यंत पोचतो, तशी येथे गती वाढत नाही. लय तीच राहते, वाढते ते आवाजाचे वजन. जो माणूस सहसा ओरडूनच बोलतो तो एकाएकी हळू बोलू लागला की ऐकणारे कान टवकारतात, हे या प्रकाराच्या लोकप्रियतेचे एक कारण होय. स्कॉर्पियन्सना ही हातोटी चांगली साधली होती. १९८४ सालचे त्यांचे ‘स्टिल लव्हिंग यू’ हे विरहगीत युरोपभर गाजले. विशेष म्हणजे या यशाच्या थोडेच आधी, १९८१ मध्ये, मायनेचा आवाज पार गेला होता. स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाल्या, गाणे सोडावे लागेल अशी स्थिती आली आणि त्यातून तो पुन्हा उभा राहिला.

आता सीमेपलीकडे काय चालले होते ते पाहू. सोव्हिएत संघात ध्वनिमुद्रिका काढण्याचा अधिकार सरकारी संस्थेकडे होता. पाश्चात्त्य संगीतापैकी फारच थोडे तिच्या चाळणीतून खाली येई. पण माणसाच्या कानाला टाळे लावणे कोणत्याही सरकारला जमलेले नाही. युद्धानंतरच्या वर्षांत लेनिनग्राडमधील काही कल्पक लोकांनी रुग्णालयांनी टाकून दिलेली क्ष-किरणांची छायाचित्रे गोळा केली आणि त्या लवचिक पत्र्यांवर चोरून ध्वनिमुद्रण सुरू केले. तबकडी उजेडात धरली तर कोणाच्या फासळ्या दिसत, कोणाच्या कवटीचा आकार दिसे. लोक या तबकड्यांना ‘हाडांवरचे संगीत’ म्हणत. ती विकणाऱ्यांपैकी काहींना तुरुंगवासही घडला. पुढे ध्वनिफिती आल्या आणि एका फितीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकलांचे जाळे देशभर पसरले.

या कामी नभोवाणीचा वाटा मोठा होता. १९७७ पासून सेवा नोव्हगोरोद्त्सेव हा देश सोडून गेलेला सोव्हिएत संगीतकार बी.बी.सी.च्या रशियन सेवेवरून पाश्चात्त्य गाण्यांचा कार्यक्रम सादर करीत असे. रात्री खरखरणाऱ्या संचाशी कान लावून बसलेल्या तरुणांना त्याचा आवाज घरच्या माणसासारखा झाला होता. निकोलायेवच्या कचेरीला यादी काढावी लागली ती यामुळेच. जे कोणी ऐकत नाही त्यावर बंदी घालण्याची गरज कोणालाच भासत नाही. गंमत अशी की, काय ऐकावे हे ज्यांना उमगत नव्हते अशा तरुणांच्या हाती ही यादी पडली असती, तर तिचा उपयोग त्यांना मार्गदर्शिकेसारखाच झाला असता.

परिपत्रक निघाल्यावर दोनच महिन्यांनी, मार्च १९८५ मध्ये, गोर्बाचेव पक्षाचे सरचिटणीस झाले. पेरेस्त्रोइका म्हणजे पुनर्रचना आणि ग्लासनोस्त म्हणजे खुलेपणा, हे दोन शब्द जगाच्या कानी पडू लागले. वरून सैल सोडलेली दोरी खालपर्यंत पोचण्यास वेळ लागला. तरी १९८८ च्या एप्रिलमध्ये स्कॉर्पियन्सना सोव्हिएत संघात येण्याची परवानगी मिळाली. मॉस्कोत व्हावयाचे कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाले, पण लेनिनग्राडमध्ये ओळीने दहा कार्यक्रम झाले.

लेनिनग्राड या नावाचा अर्थ येथे ध्यानात घेतला पाहिजे. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत, ८७२ दिवस, जर्मन सैन्याने या शहराला वेढा घातला होता. लाखो नागरिक भुकेने आणि थंडीने मरण पावले. त्या शहरात, वेढा उठल्यानंतर ४४ वर्षांनी, जर्मन तरुण वाद्ये घेऊन आले. श्रोत्यांत असे कितीतरी असतील की ज्यांच्या घरातले एखादे माणूस त्या वेढ्यात गेले असेल. वाद्यवृंदाच्या सभासदांनाही याची पुरती जाणीव होती. आमची आधीची पिढी येथे रणगाडे घेऊन आली, आम्ही गिटार घेऊन आलो, अशा आशयाचे उद्गार त्यांनी पुढे अनेकदा काढले. ‘हिंसा’ हा शेरा ज्यांच्या नावापुढे मारला होता त्यांनी दिलेले हे उत्तरच म्हणावयाचे. त्या दहा रात्री लेनिनग्राडच्या तरुणांनी त्यांना डोक्यावर घेतले.

पुढच्या वर्षी, १२ व १३ ऑगस्ट १९८९ या दोन दिवशी, मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये शांतता संगीत महोत्सव भरला. नऊ वर्षांपूर्वी ऑलिंपिक सामने झाले होते तेच हे क्रीडांगण. अमली पदार्थांविरुद्ध प्रचारासाठी अमेरिकेत स्थापन झालेल्या एका संस्थेच्या नावाने हा सोहळा योजला होता. संस्थेचा प्रवर्तक डॉक मॅगी हा बड्या वाद्यवृंदांचा व्यवस्थापक स्वतःच गांजाच्या चोरट्या आयातीच्या खटल्यात दोषी ठरलेला होता, आणि रंगमंचावर येणाऱ्या कलावंतांपैकी बऱ्याच जणांची व्यसने जगजाहीर होती. बॉन जोव्ही, मॉटली क्रू, ऑझी ऑस्बोर्न, सिंड्रेला, स्किड रो अशी नामांकित मंडळी आली होती. आधी कोणी गावे, शेवटी कोणी गावे यावरून त्यांच्यात रुसवेफुगवेही झाले. थोर प्रसंगांच्या मागची बाजू बहुधा अशीच असते. सोव्हिएत बाजूने पुढाकार घेणारा स्तास नामिन हा संगीतकार म्हणजे स्टालिनच्या काळापासून सत्तेच्या वर्तुळात वावरलेल्या अनास्तास मिकोयान यांचा नातू. आजोबांनी ज्या व्यवस्थेची उभारणी केली, तिचे एक दार नातवाने आतून उघडले, असे म्हणता येईल.

दोन्ही दिवस क्रीडांगण लाखभर प्रेक्षकांनी फुलून गेले होते. बंदोबस्तासाठी गणवेशातील जवान रंगमंचाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभे होते. मायने सांगतो, की गाणी रंगात आली तशी या जवानांनी तोंडे फिरविली, टोप्या हवेत उडविल्या आणि तेही गर्दीतलेच होऊन गेले. ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. दुसरी आठवण एका संध्याकाळची आहे. निमंत्रितांना नावेत बसवून मॉस्क्वा नदीतून गॉर्की उद्यानाकडे नेण्यात आले. हे उद्यान १९२८ साली नदीकाठी उघडले गेले. मराठी वाचकांना ‘आई’ या कादंबरीमुळे परिचित असलेल्या मॅक्सिम गॉर्कींचे नाव त्याला पुढे देण्यात आले. नावेत अमेरिकन, इंग्रज, जर्मन, रशियन असे सर्व प्रकारचे लोक होते. वादक होते, वार्ताहर होते आणि लाल सैन्याचे जवानही होते. ज्यांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून ठेवली होती त्या देशांची माणसे उन्हाळ्याच्या रात्री एका नावेत बसून गाणी ऐकत होती. एवढाच तो प्रसंग.

हॅनोव्हरला परतल्यावर काही आठवड्यांतच मायनेने या अनुभवाचे गीत केले. वाद्यवृंदाच्या बहुतेक चाली शेंकरच्या असत आणि शब्द मायनेचे असत. येथे मात्र शब्द आणि चाल दोन्ही मायनेचीच आहेत. गीताच्या प्रारंभी तो शीळ घालतो. कोणी एकटा माणूस रात्री नदीकाठाने रमतगमत चालला आहे, असे ती ऐकताना वाटते. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीतील मंडळींना ही शीळ रुचली नव्हती. हेवी मेटलच्या वाद्यवृंदाने शीळ घालावी हे त्यांना विसंगत वाटले. ती वगळून पाहण्याचाही प्रयत्न झाला, पण शिळेवाचून गाणे उभे राहीना, तेव्हा ती राहिली. आज जगात कोठेही ती शीळ ऐकू आली की पुढचे शब्द न उमजणाऱ्यालाही गाणे ओळखू येते. गीतात मॉस्क्वा नदी आहे, गॉर्की उद्यान आहे, ऑगस्टची रात्र आहे, जवान आहेत, रशियन बलालाइकेने गिटारशी संवाद करावा अशी इच्छा आहे. कोणाचा धिक्कार नाही, कोणाच्या विजयाची द्वाही नाही. शीतयुद्धाच्या विषयावरील गीतात ही गोष्ट दुर्मीळ होती.

या गीताविषयी एक गैरसमज रूढ आहे, तो येथे दूर केला पाहिजे. बर्लिनची भिंत पडली म्हणून हे गीत रचले गेले असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली. गीत त्याआधीचे आहे. मायनेने ते रचले तेव्हा भिंत जागच्या जागी होती आणि ती इतक्या लवकर पडेल असे दोन्ही जर्मनींतील कोणा जबाबदार माणसाने सांगितले नव्हते. गीत ‘क्रेझी वर्ल्ड’ या ध्वनिमुद्रिकेत १९९० च्या अखेरीस आले आणि १९९१ च्या जानेवारीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. तोवर जर्मनी एक झाली होती. गीतासोबत जो चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला जाई, त्यात भिंत पाडणाऱ्या लोकांची दृश्ये होती. त्यामुळे एका नदीकाठच्या रात्रीवर रचलेले गीत लोकांच्या मनात भिंतीशी जोडले गेले ते कायमचे. घटनेच्या आधी लिहिलेले घटनेचे गीत ठरले. जर्मनीत ते ११ आठवडे अग्रस्थानी राहिले, ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. मायनेने ते रशियन आणि स्पॅनिश भाषांतूनही गायिले.

परंतु त्याच जानेवारीत दुसरेही काही घडत होते. १३ जानेवारी १९९१ रोजी लिथुआनियाच्या विल्निअस शहरात सोव्हिएत रणगाडे दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यावर चालून गेले आणि १४ नागरिकांचा बळी गेला. म्हणजे परिवर्तनाच्या वाऱ्याचे गीत युरोपच्या घराघरांत पोचत असताना, जवानांनी टोप्या उडविल्या त्याच सैन्याचे रणगाडे निःशस्त्र माणसांच्या अंगावर जात होते. ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव यांच्याविरुद्ध उठाव झाला. १९ ते २१ ऑगस्ट असे तीन दिवस लोक रस्त्यावर उतरून रणगाड्यांसमोर उभे राहिले. तीन तरुण मरण पावले आणि उठाव फसला. महोत्सवाला त्यावेळी नेमकी दोन वर्षे झाली होती. अमेरिकेत गीत चौथ्या क्रमांकावर पोचले ते याच महिन्याच्या अखेरीस. डिसेंबरमध्ये क्रेमलिनमधील ती भेट झाली आणि २५ डिसेंबर रोजी गोर्बाचेव यांनी अध्यक्षपद सोडले. ज्या राज्याने पाहुण्यांचा सत्कार केला ते राज्य पाहुणे घरी पोचल्यानंतर थोड्याच दिवसांत उरले नाही.

एवढ्या मोठ्या घडामोडींच्या जवळून एखादे गाणे गेले की त्यानेच त्या घडविल्या, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. २०२० साली पॅट्रिक रॅडन कीफ या अमेरिकन पत्रकाराने एका ध्वनिमालिकेत या गीताविषयीच्या एका वावड्याचा माग काढला. हे गीत मुळात अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तचर संस्थेने लिहवून घेतले, असा तो वावडा. मायनेने तो हसून नाकारला आणि कीफ यांच्याही हाती पुरावा लागला नाही. तरीही संशय अगदीच निराधार हवेत उगवला असे नाही. शीतयुद्धात सरकारांनी संगीताचा वापर केला हे कागदोपत्री सिद्ध आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५६ पासून जॅझ वादकांना देशोदेशी पाठविले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आणि त्यांचे सहकारी भारतात आले ते याच योजनेतून. मुंबईत त्यांची सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी भेट झाली आणि दोघांनी एकत्र वादनही केले. सरकारने तिकीट काढून दिले म्हणून त्या दोघांच्या वादनातला आनंद खोटा ठरत नाही. पण या गीताच्या बाबतीत तिकिटाचाही पुरावा नाही. वावड्याच्या मुळाशी एक समजूत आहे, ती अशी की सामान्य माणसाला आपणहून आशा वाटत नाही, ती त्याला कोणीतरी वाटावयास लावावी लागते. निकोलायेवच्या परिपत्रकाच्या मुळाशीही हीच समजूत होती.

इतिहासाच्या हिशेबात सोव्हिएत संघ कोसळण्याची कारणे वेगळी आहेत. तेलाच्या उतरलेल्या किमती, शस्त्रस्पर्धेचा भार, अफगाणिस्तानातील युद्ध, रिकामी दुकाने, राष्ट्रीयत्वाच्या चळवळी आणि खुद्द गोर्बाचेव यांनी बळाचा वापर करताना दाखविलेला संकोच ही त्यांतील ठळक होत. गीताने यांपैकी काहीच केले नाही. त्याने केले ते एवढेच, की त्या क्षणी लोकांना काय वाटत होते याची नोंद ठेवली. दप्तरांत आदेश सापडतात, आकडे सापडतात, पण १९८९ च्या ऑगस्टमध्ये नावेत बसलेल्या माणसाला वारा कसा लागला हे दप्तरात सापडत नाही.

वाऱ्याची ही उपमाही नवी नव्हे. ३ फेब्रुवारी १९६० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी केपटाउन येथे दक्षिण आफ्रिकेच्या संसदेपुढे भाषण करताना आफ्रिका खंडातून परिवर्तनाचा वारा वाहत असल्याचे सांगितले होते. गोऱ्या सभासदांना ते कडू लागले. त्यानंतर सात आठवड्यांच्या आतच, २१ मार्च रोजी, शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे मारली गेली. दक्षिण आफ्रिकेत सर्वांना मताचा हक्क मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. वारा सुटला याचा अर्थ पाऊस आला असा नव्हे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मुत्सद्द्यांना आणि गाणाऱ्यांना मात्र त्याचा विसर पडतो.

भिंत पडल्याला दहा वर्षे झाली तेव्हा, ९ नोव्हेंबर १९९९ रोजी, बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग वेशीपाशी हे गीत पुन्हा झाले. साथीला १६६ चेलोवादक होते आणि त्यांच्यात म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच होते. सोल्झेनित्सिन यांना आश्रय दिल्यामुळे ज्यांना देश सोडावा लागला आणि ज्यांचे नागरिकत्व सोव्हिएत सरकारने काढून घेतले, तेच हे थोर वादक. भिंत खुली झाली तेव्हा तिच्याशी खुर्ची टाकून त्यांनी बाखचे संगीत वाजविले होते. त्या १९९९ च्या रात्री गीतातील आशा खरी झाली असे समजण्यास हरकत नव्हती.

त्यानंतर २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन सैन्य युक्रेनमध्ये शिरले. स्कॉर्पियन्सचे कार्यक्रम मार्च महिन्यात अमेरिकेतील लास व्हेगास शहरी व्हावयाचे होते. मायनेचे वय तेव्हा ७३ वर्षांचे होते. हे गीत गावे की न गावे, असा प्रश्न त्याच्यापुढे आला. न गावे तर ज्यांनी ते तीस वर्षे जपले त्यांचा विश्वासघात, आणि तसेच गावे तर मॉस्कोचे गोडवे गाणे होते. त्याने तिसरा मार्ग काढला. प्रारंभीच्या ओळींतील मॉस्क्वा नदी आणि गॉर्की उद्यान त्याने काढून टाकले आणि तेथे युक्रेनचे नाव घातले. वारा बदलण्याची वाट तो देश पाहत आहे, अशा अर्थाचे शब्द आले. शीळ मात्र तीच राहिली. ज्याने स्वतःच्या तरुणपणीच्या सर्वांत सुंदर रात्रीचे गीत केले, त्याला ती रात्रच गीतातून पुसावी लागली. कवीला याहून कठीण दुरुस्ती कोणती असेल?

त्याच मार्च महिन्यात, २९ तारखेला, एक रशियन क्षेपणास्त्र मिकोलायिव शहरातील प्रादेशिक प्रशासनाच्या नऊ मजली इमारतीवर पडले. इमारतीच्या मधोमध भगदाड पडले आणि कामावर आलेली अनेक माणसे ढिगाऱ्याखाली मेली. ज्या शहरातील एका कचेरीने स्कॉर्पियन्सच्या नावापुढे ‘हिंसा’ असे लिहिले होते, तेच हे शहर. हिंसा म्हणजे काय याचा खरा अर्थ त्या शहराला कळला तो कोणाच्या गिटारमुळे नव्हे. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी गोर्बाचेव यांचे निधन झाले. महोत्सवाचा महिनाही ऑगस्टच होता.

मग १९८९ ची ती आशा खोटी होती काय? मायने चुकला असे म्हणणारे आज बरेच भेटतील. पण त्याने भविष्य सांगितले नव्हते, साक्ष दिली होती. जवानांनी तोंडे फिरविली होती, टोप्या उडविल्या होत्या, नाव नदीतून गेली होती, हे सारे घडलेले आहे. साक्षीदाराने पाहिले ते सांगितले आणि पुढे परिस्थिती पालटली म्हणून पहिली साक्ष खोटी ठरत नाही. उलट परिस्थिती पालटल्यावर त्याने आपले शब्दही पालटले, यातच त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. जुनीच ओळ डोळे मिटून गात राहणे सोपे होते.

गॉर्की उद्यान आजही नदीकाठी आहे. त्या नावेत एकत्र बसलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि त्यांचे देश पुन्हा एकमेकांकडे संशयाने पाहत आहेत. मूळ शब्दांसह ते गीत गाता यावे असा दिवस येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण एकदा तसा दिवस आला होता, एवढे मात्र शिळेच्या त्या चार-दोन सुरांत नोंदलेले आहे.